येणाऱ्याचा वाटा

१

सकाळी शटर वर केलं की मी आधी खोली झाडते आणि मग मशीन चालू करते. हा क्रम माझा नाही, आण्णांचा आहे. माझे वडील लालासाहेब, हवालदार म्हणून पलटणीतून निवृत्त झाले त्याला जमाना झाला, पण जागा साफ झाल्याशिवाय कामाला हात लावायचा नाही हा त्यांचा हुकूम अजून चालू आहे. मीही तो मुकाट पाळते. वर्षानुवर्षं दुसऱ्याचं घर झाडलेल्या बाईला स्वतःची खोली झाडताना काय वाटतं, ते तिलाच ठाऊक.

मशीन चालू झालं की काळ्या पडद्यावर तीन ओळी येतात. जुनं विंडोज, नवं विंडोज आणि लिनक्स. खाली सेकंद उलटे मोजले जातात. तेवढ्यात कुठलं उघडायचं ते आपण सांगायचं, नाही सांगितलं तर ज्या ओळीवर पांढरी पट्टी असेल ते मशीन आपणहून उघडतं. जुनं लागतं, कारण माझं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर नव्यावर चालायला तयार नाही आणि आजवरच्या सगळ्या लग्नपत्रिका त्यातच आहेत. नवं लागतं, कारण सातबारा, पीकविमा आणि परीक्षांचे अर्ज जुन्यावर उघडतच नाहीत. लिनक्स कुणालाच लागत नाही, ते माझ्या हौसेचं. वडूजमधली माणसं चेष्टा करतात, एका मशीनमधी तीन संसार? मी म्हणते, मला एक धड मिळाला नाही, त्याला तीन मिळाले तर तुमच्या पोटात का दुखतं.

माझा एक संसार सांगलीला झाला, हळदीच्या एका व्यापाऱ्याच्या घरात. तो कसा मोडला ते इथे सांगत बसत नाही, सगळ्या गावाला माहीत आहे. मी माहेरी परत आले तेव्हा आमच्या घराची वाटणी होऊन गेली होती. थोरला भाऊ जयराज सैन्यात, मागची बाजू त्याची. पुढची बाजू धाकट्या ऋषिराजची. रस्त्याकडेची ही एक खोली तेवढी कुणाच्याच नावावर नव्हती. ती येणाऱ्याचा वाटा होती, आणि मी आले.

येणाऱ्याचा वाटा हे आमच्या घराण्याचं खूळ. आंबे वाटा, ज्वारी वाटा, नाहीतर बोकडाचं मटण वाटा, घरातली माणसं मोजून वाटे घालायचे आणि शेजारी एक जास्तीचा घालायचा. त्याला नाव नाही. संध्याकाळपर्यंत जो दारात येईल त्याचा. आण्णांनी घर वाटतानाही तेच केलं. म्हणजे या खोलीवरचा माझा हक्क कागदावर कुठेच नाही, तो आण्णांच्या तोंडात आहे. ते मला आपली म्हणतात तोवर ऋषिराज गप्प आहे. ज्या दिवशी ते म्हणायचे थांबतील त्या दिवशी इथे त्याच्या खताची पोती येतील. मला मशीनची भीती कधी वाटली नाही. भीती होती ती एवढीच.

२

मशीनच्या जुन्या डिस्कने या उन्हाळ्यात मान टाकली. मी सांगलीला जाऊन नवी आणली. जुनी, कुणाची तरी वापरलेली डिस्क असेल म्हणून पुढचं सगळं घडलं, असं कुणी म्हणू नये. डिस्क कोरी होती. तिचं सील मी या हाताने, या टेबलावर फोडलं.

एका डिस्कवर तीन सिस्टीम बसवायच्या तर आधी डिस्कची वाटणी करावी लागते. हा एवढा भाग जुन्याचा, हा नव्याचा, हा लिनक्सचा. आण्णा काठी टेकून माझ्या मागे उभे होते. पडद्यावरचे रंगीत पट्टे त्यांनी बराच वेळ बघितले.

"ह्यो कुनाचा?"

"ह्यो जुन्याचा, आण्णा. त्यो नव्याचा. आनि ह्यो माझ्या लिनक्सचा."

"भांडत न्हाईत का एकमेकांत?"

"वळखच न्हाई त्यांची, तर भांडतील कशाला?"

हे मी हसत सांगितलं, पण खरं तेच आहे. लिनक्समधून बघितलं तर दोन्ही विंडोजची घरं दिसतात, आतल्या फायली दिसतात, उघडताही येतात. विंडोजमधून बघितलं तर लिनक्स नाहीच. त्याचा भरलेला भाग विंडोजला मोकळा प्लॉट वाटतो, आणि ते भाबडेपणाने विचारतं, ही जागा वापरायची असेल तर साफ करून घेऊ का? नवशिके तिथेच हो म्हणतात आणि दुसऱ्याचं सगळं घर पुसून टाकतात. पुसणाऱ्याला कळतही नाही की आत कुणी राहत होतं.

आण्णांना एवढं सगळं सांगितलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, "येनाऱ्याचा ठिवलास का?"

दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. पण ज्या माणसाच्या त्या खुळापायी मला छप्पर मिळालं, त्याला काय हसायचं? मी तिन्ही वाटे थोडे थोडे कापले आणि डिस्कच्या शेवटी एक तुकडा तसाच सोडला. नाव नाही, काही नाही, रिकामा. कॉम्प्युटर शिकलेला कुठलाही माणूस असली चूक करणार नाही. आण्णांनी समाधानाने मान हलवली आणि ते बाहेर लिंबाखाली पेपर वाचायला गेले.

३

आषाढ सरत आला होता, पाऊस नेहमीसारखा आमच्याकडे तोंड दाखवून पुढे गेला होता. सकाळी मी खोली झाडली, बटण दाबलं आणि पाण्याची बाटली उघडायला वळले. परत बघते तर पडद्यावर चार ओळी.

वरच्या तीन नेहमीच्या. चौथी कोरी. म्हणजे अक्षर एकही नाही, पण ओळ आहे. खालचा बाण दाबला की पांढरी पट्टी जुन्यावरून नव्यावर, नव्यावरून लिनक्सवर आणि तिथून आणखी एक पायरी खाली जात होती, जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं.

तेवढ्यात आयेशा आली. तिचं सासर पेठेत, नवरा शिलाईकाम करतो. दोन पोरं शाळेत घालून ती माझ्याकडे सरकारी टायपिंगच्या परीक्षेची तयारी करते. बोटं चांगली आहेत तिची. तिने पर्स खुंटीला लावली आणि पडद्याकडे बघितलं.

"ताई, ही चौथी कसली?"

"तुला दिसतीया ना?"

"म्हंजे काय? दिसतीया की. नाव टाकायचं ऱ्हायलंय जनू."

मला जरा हायसं वाटलं. निदान डोळे ठीक होते. लिनक्स अपडेट झालं की कधी कधी या यादीत नको त्या गोष्टी शिरतात, हे मला ठाऊक होतं. मी तिला जुनं विंडोज उघडून दिलं आणि ती उतारा टाइप करायला बसली. मी बाजूला बसून कुणाच्या तरी बारशाच्या कार्डाचा मजकूर तपासत राहिले.

दुपारी ती गेल्यावर लिनक्स उघडलं आणि डिस्कचा नकाशा बघितला. शेवटचा तुकडा मी रिकामा सोडला होता. तो आता रिकामा नव्हता. त्याच्यावर लिनक्सने करड्या रंगाचा पट्टा दाखवला होता आणि लिहिलं होतं, प्रकार अज्ञात. आत काय आहे ते उघडता येईना. लिनक्सला सगळ्यांची घरं दिसतात, पण हे दिसेना. मी तो पट्टा निवडला आणि डिलीट दाबलं. माझ्या मशीनमध्ये मला न विचारता कुणी राहायचं नाही.

४

दुसऱ्या सकाळी चौथी ओळ परत आली होती. मी परत पुसली. ती परत आली. मग मी व्हायरस शोधणाऱ्या गोष्टी चालवून बघितल्या, इंटरनेटची वायर काढून बघितली, लिनक्स नव्याने बसवून बघितलं. मी हट्टाची आहे, हे सासरच्यांनी कोर्टातही लिहून दिलंय. प्रत्येक वेळी पुसताना तो तुकडा थोडा मोठा दिसायचा. कडेच्या वाट्यातून त्याने हातभर जागा आत घेतलेली असायची, बांध कोरत सरकणारा शेजारी घेतो तशी. एक दिवस जुन्या विंडोजमधल्या माझ्या दोन-तीन पत्रिका सापडेनाशा झाल्या. नंतर लक्षात आलं की मी माझ्या दुकानाची जाहिरात केली होती, जिच्यावर माझं नाव होतं, तीही गेलीये.

आणि त्याच सुमारास एका सकाळी शटर उघडलं तर खोली झाडलेली होती.

मी केरसुणी हातात घेऊन उभी राहिले. फरशीवर आदल्या दिवशीचा कागदांचा कचरा होता, मी बघून गेले होते. आता तो नव्हता. कोपऱ्यात केर गोळा करून ठेवला होता, सुपलीत भरायचा बाकी. मी केर दाराजवळ गोळा करते. हा खिडकीखाली होता. शटरची एक किल्ली माझ्याकडे असते आणि दुसरी घरात खिळ्याला. ऋषिराजने कधी जन्मात झाडू धरलेला नाही, त्याच्या बायकोला माझ्या खोलीचा विटाळ आहे. म्हणजे आण्णांनीच झाडली असणार, असं मी स्वतःला सांगितलं. गुडघे धरलेला माणूस खाली वाकून फरशी कशी झाडेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही.

मी चहा करून त्यांना हाक मारली.

"मघाशी घेतला की," ते म्हणाले.

"कवा?"

"आत्ताच की गं. तूच दिलास न्हवं."

लिंबाच्या पारावर कप होता. मी तो उचलला. तळाला न विरघळलेली साखर होती, चांगली चमचाभर. आण्णांना मधुमेह होऊन बरीच वर्षं झाली. त्यांना साखर घालायला माझा हात धजणार नाही, हे आमच्या गल्लीतलं कुत्रंसुद्धा सांगेल.

म्हातारपण आहे, मी मनाशी म्हटलं. विसरतात, स्वतःच करून घेतला असेल. मी कप घासून ठेवला आणि कामाला लागले, पण त्या दिवशी एका पत्रिकेत मी नवरदेवाच्या जागी सासऱ्याचं नाव टाकलं.

५

चौथी ओळ उघडायची नाही, हे मी ठरवलं होतं. घाबरून नव्हे. दारात येऊन उभ्या राहिलेल्याला आपण दार उघडलं तर तो आत येतो, आणि मला कुणी आत यायला नको होतं. पण तिने तीही सोय ठेवली नाही. पांढरी पट्टी आता रोज मुळातच चौथ्या ओळीवर असायची. मी वेळेत बाण दाबून ती वर घ्यायची. एक दिवस बटण दाबलं आणि रस्त्यावर कुणाची तरी मोटारसायकल माझ्या पाटीला घासली. मी शटरपर्यंत गेले, दोन शब्द सुनावले आणि परत वळले तर सेकंद संपलेले होते.

पडदा काळा झाला. चित्र काही आलं नाही. स्पीकरमधून आवाज येत होता.

केरसुणीचा आवाज. फरशीवर लांब, सावकाश फटकारे. मग स्टूल सरकल्याचा आवाज, आणि त्यासोबत फरशीचा टक. माझ्या खोलीतल्या एका फरशीखालची वाळू बसलीये, स्टूल तिच्यावरून गेलं की ती टक करते. तोच टक. मग शटर आणखी वर सारल्याचा, मग पंख्याचं बटण, मग आमच्या पंख्याची ती मधूनच येणारी कुरकुर. माझ्या डोक्यावरचा पंखा बंद होता. मी वर बघितलं, खात्री केली.

मग काठी वाजली आणि आण्णांचा आवाज आला. "झालं का गं झाडून?"

हे ते मला रोज सकाळी विचारतात. याच शब्दांत, याच सुरात.

"व्हय, आण्णा," बाईचा आवाज म्हणाला. "या, बसा हितं." माझा आवाज नव्हे. माझ्या वयाची, थोडी घोगरी, आमच्याच मुलखातली कुणीतरी. तिच्या बोलण्यात जी माया होती ती खोटी नव्हती, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

शटरमधून बाहेर बघितलं. आण्णा लिंबाखाली बसले होते. पेपर मांडीवर, चष्मा कपाळावर, ओठ मिटलेले. ते माझ्याकडे बघत नव्हते. कान थोडा वाकडा करून ते काहीतरी ऐकत होते आणि हसत होते.

मी भिंतीतला प्लग उपटला. असं करू नये, डिस्क खराब होते, मीच सगळ्यांना सांगते. नंतर हात धुतले, तोंड धुतलं आणि परत खुर्चीत बसले. खोली उघडी टाकून जावं असं वाटलं होतं, पण उठले असते तर परत येऊन बसताना परवानगी मागावी लागली असती, असं काहीतरी मनात आलं. म्हणून मी उठले नाही. दिवसभर बसून राहिले आणि हाताने, पेनने, एकाचा अर्ज भरून दिला.

६

ऋषिराजला बातमी लागली. आयेशाला मी येऊ नको म्हणून सांगितलं होतं, तिने कुणाला तरी सांगितलं असेल.

"मशीन बिघडलंय म्हनं," तो दारातून म्हणाला. आत येत नाही तो, उंबऱ्यावर उभा राहून खोलीची लांबी-रुंदी बघतो. "बिघडलं आसंल तर बंद करून टाक की. खत उघड्यावर पडलंय माझं."

"तुझं खत तुझ्या घरात ठिव."

"ही खोली बी काय तुझ्या घरची न्हाई, ताई."

"आण्णाला इचार कुनाची हाय ती."

तो हसला आणि गेला. जाताना म्हणाला, "आण्णाला हल्ली कायबी इचारावं, काय सांगतील नेम न्हाई." त्याला वाईट बोलायचं नव्हतं कदाचित. पण मला तो साखरेचा कप आठवला.

संध्याकाळी मी आण्णांच्या पायाशी बसले. मशीनमधल्या त्या तुकड्याबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही.

"म्हंजे कुनीतरी आलंय," ते म्हणाले.

"आण्णा, मी मशीनची गोष्ट सांगतीया."

"वाटा ठिवला म्हंजे बोलावनं धाडलं. आलेल्याला नाव इचारायचं न्हाई, आनि ऊठ म्हनायचं न्हाई. तुला म्हनलं का कुनी?"

"पर वाटा एक हाय, आण्णा. मी बसलीया त्याच्यावर."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं की उजेड कमी होता, सांगता येत नाही. "व्हय की," ते म्हणाले. "तू बसलीयास न्हवं? का ती?"

मी उठले. मला खूप रडू आलं आणि त्याहून जास्त चीड आली. कुणीतरी माझ्या खोलीत, माझ्या झाडूने, माझ्या बापाला गोड चहा पाजून माझी जागा घेत होतं, आणि आमच्या घराण्याच्या रीतीने मी तिला काही बोलायचं नाही. ठीक आहे, मी म्हटलं. रीत तुमची. डिस्क माझी आहे.

७

मी सकाळ होण्याची वाट बघितली. लख्ख ऊन पडलं होतं, रस्त्यावर माणसं भरणाऱ्या वडाप गाड्या ओरडत होत्या. खोली आजही झाडलेली होती. मी केर खिडकीखालून ओढून दाराजवळ आणला, सगळा सुपलीत भरला आणि बाहेर टाकला. मग पेनड्राइव्ह लावला.

बेत साधा होता. डिस्कवरचं सगळं पुसायचं, तिन्ही सिस्टीम नव्याने बसवायच्या आणि या वेळी डिस्कचा कणही मोकळा सोडायचा नाही. तीन वाटे, काठोकाठ. पत्रिका मी वेगळ्या काढून ठेवल्या होत्या. पेनड्राइव्हवरच्या छोट्या सिस्टीमने डिस्कचा नकाशा दाखवला, तेव्हा मी जरा मागेच सरकले. करडा पट्टा अर्ध्याहून जास्त झाला होता. माझे तिन्ही एका कडेला अंग चोरून बसले होते.

सगळं पुसू का, असं विचारलं गेलं. मी पट्टी 'हो'वर आणली, बोट कीबोर्डवर ठेवलं आणि तेवढ्यात स्पीकर बोलला.

मी तिची ओळ उघडली नव्हती. डिस्कवरचं तर काही चालूही नव्हतं. पण आवाज स्पष्ट होता, अगदी इथेच खुर्चीत बसून बोलल्यासारखा.

"आण्णा," ती म्हणत होती, "मशीनमधी एक जास्तीची ओळ आलीया बगा. कोरी. पुसली तरी परत येती."

"कवापस्नं?"

"लय दिवस झालं. रोज थोडी जागा खाती माझी. आज समदीच पुसते आनि नव्यानं बसवते."

मी चटकन मागे वळून खोलीभर नजर फिरवली. टेबल, खुंटी, स्टूल, खिडकी. सगळं जागच्या जागी होतं आणि सगळं माझंच होतं. पण तिलाही ते असंच दिसत असणार, आणि तिच्या यादीतली ती कोरी ओळ मीच असणार. एकीचं भरलेलं घर दुसरीला मोकळी जागा दिसत होतं. तीही कुठून तरी एक बॅग घेऊन आली असेल. तिलाही कुणी उठवलं असेल.

क्षणभर, खरं सांगते, माझं बोट उचललं गेलं. कणव आली. ती बाई वाईट नव्हती.

"पुसू का?" तिने विचारलं.

आण्णांची काठी फरशीवर वाजली. "पूस," ते म्हणाले.

मी एकदा सांगलीत ऊठ म्हटल्यावर उठलेली बाई आहे. दुसऱ्यांदा उठणार नाही. तिचं बोट खाली यायच्या आत मी माझं दाबलं, किंवा दोघींनी एकदमच दाबलं. स्पीकरमधून टक असा आवाज आला, त्या फरशीसारखा, आणि नंतर काही नाही.

दुपार होईपर्यंत तिन्ही सिस्टीम बसल्या. मशीन बंद करून परत चालू केलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. जुनं विंडोज, नवं विंडोज, लिनक्स. खालचा बाण पुन्हा पुन्हा दाबला, पट्टी लिनक्सच्या खाली गेली नाही. नकाशात तीन पट्टे, काठोकाठ. मी टेबलावर हात आपटला आणि एकटीच हसले.

८

काठीचा आवाज आला. आण्णा दारात उभे होते. बाहेरच्या उन्हातून आत बघताना त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

"या आण्णा. झालं सगळं," मी म्हटलं. "गेली ती."

त्यांनी खोलीभर बघितलं. टेबल बघितलं, पंखा बघितला, मग मला. तोंडावर राग नव्हता, भीती नव्हती. अनोळखी माणसाशी बोलताना ते जसे जरा ताठ होतात तसे ते ताठ झाले.

"आमची पोरगी हुती हितं," ते म्हणाले. "तुमी कोन?"

ते मला तुमी म्हणाले. जन्मात पहिल्यांदा.

मी पुष्कळ गोष्टींचा विचार केला, आणि फार वेळ गेला नसावा. साखर वाढली की असं होतं. दुपारचं ऊन लागलं की असं होतं. म्हातारी माणसं लेकरांना विसरतात, घरोघरी होतं, डॉक्टर गोळी देतात. आयेशाला फोन लावावा असं वाटलं. पण लावून काय विचारणार, मी कोण आहे ते सांग? ती दुसरंच काही म्हणाली असती तर? मी फोन पालथा ठेवला. मी तिला पुसलं का तिने मला, हे मला त्या वेळी कळलं नाही आणि आताही कळत नाही. एवढं कळत होतं की खुर्ची माझ्या खाली आहे, पाय माझ्या फरशीवर आहेत, आणि मला हात लावून कुणी उठवल्याशिवाय मी उठणार नाही.

"येनाऱ्याला नाव इचारत न्हाईत, आण्णा," मी म्हटलं. माझा आवाज घोगरा झाला होता. "मी आलीया. वाटा माझा हाय."

ते ऐकून ते ओशाळले. पाहुण्याला वावगं बोलून गेलेल्या माणसासारखे. "व्हय, व्हय. चुकलं माझं," ते म्हणाले. "बसा तुमी. कुनी उठवनार न्हाई तुमाला." आणि ते वळले. ओट्याची पायरी त्यांना दिसत नव्हती, काठी हवेत चाचपडत होती. पुढच्या घराच्या दारात ऋषिराज उभा होता, कमरेवर हात ठेवून, काय चाललंय ते बघत.

आण्णांना हात द्यायला हवा होता, आणि खुर्ची सोडायला माझं मन तयार नव्हतं. मी कमरेचा रुमाल काढला, एसटीत जागा धरतात तसा खुर्चीवर टाकला आणि त्यांना धरायला बाहेर गेले.